इंग्रजीतील काच आणि खिडकीचे जुने शब्द: घरचे किती, बाहेरचे किती?

अनुवादिका_पुणे (प्रश्न)

नमस्कार. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या जुन्या रंगीत काचांची निगा कशी राखावी, या विषयावरील एका इंग्रजी पुस्तिकेचा मराठी अनुवाद मी सध्या करीत आहे. मुंबईत एकोणिसाव्या शतकातील ज्या इमारती उभ्या आहेत, त्यांपैकी अनेकींत अशा खिडक्या आहेत, आणि त्यांची डागडुजी करणाऱ्या कारागिरांच्या हाती मराठीत काहीतरी नेमके असावे, या इच्छेने मी हे काम घेतले.

अनुवाद करताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. ‘ग्लास’ हा शब्द इंग्रजीचा स्वतःचा, म्हणजे प्राचीन इंग्रजीपासून चालत आलेला आहे, असे कोश सांगतो. परंतु त्या काचेभोवतीचे जवळजवळ सगळे शब्द बाहेरचे दिसतात. ‘विंडो’ उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन भाषेतून आलेला, तर ‘पेन’, ‘सॅश’, ‘मलियन’ आणि ‘पुट्टी’ फ्रेंचमधून आलेले. वस्तूचे नाव घरचे आणि ती बसवण्याच्या विद्येचे सगळे शब्द परके, असे का व्हावे?

याखेरीज दोन अडचणी आहेत. शिशाच्या जाळीतील तिरप्या चौकोनी काचेच्या तुकड्याला पुस्तिकेत ‘क्वॉरल’ म्हटले आहे. त्याचा ‘भांडण’ या अर्थाच्या शब्दाशी काही संबंध आहे काय? तसेच ‘थ्री लाइट विंडो’ असा प्रयोग वारंवार येतो. त्याचे ‘तीन दिव्यांची खिडकी’ असे भाषांतर नक्कीच चुकीचे ठरेल, पण बरोबर काय ठरेल ते मला सुचत नाही.

शब्दमूळ

आपले निरीक्षण बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर शब्दांपेक्षा माणसांच्या येण्याजाण्यात सापडते. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम ‘ग्लास’. प्राचीन इंग्रजीत तो ‘ग्लॅस’ असा होता, जर्मन भाषेत आजही ‘ग्लास’ आहे, आणि प्राचीन नॉर्स भाषेत त्याचे रूप ‘ग्लेर’ असे होते. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांविषयी लिहिताना बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील लोकांचा उल्लेख केला आहे. हे लोक किनाऱ्यावर अंबर गोळा करतात आणि त्याला ‘ग्लेसुम’ म्हणतात, असे तो सांगतो. अंबर म्हणजे झाडाच्या चिकाचा अश्मीभूत, पिवळसर, अर्धपारदर्शक खडा. यावरून बहुतेक व्युत्पत्तिकारांचे मत असे की, रोमन काच या लोकांच्या हाती आली तेव्हा तिला त्यांनी ओळखीच्या चमकदार वस्तूचे नाव दिले. या शब्दामागे ‘चमकणे’, ‘पिवळेपणा’ अशा अर्थाचा जो मूळ धातू मानला जातो, त्याच्याच कुळात इंग्रजीतील ‘ग्लो’, ‘यलो’ आणि ‘गोल्ड’ येतात, तसेच संस्कृतातील ‘हरि’ आणि ‘हिरण्य’ही येतात. आपला ‘हिरवा’ ‘हरित’वरून आलेला असल्यामुळे तोही या गोतावळ्यात बसतो. राखेतील क्षार आणि वाळू वितळवून इंग्लंडच्या रानात जी काच पुढे बनू लागली, ती वाळूतील लोहामुळे हिरवट झाकेचीच असे, ही गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते.

आता मूळ मुद्दा. अँग्लो-सॅक्सन लोकांना काच माहीत होती, ती मण्यांच्या आणि पेल्यांच्या रूपात. काचेच्या भांड्याला त्यांच्याकडे ‘ग्लॅसफॅट’ असा शब्द होता आणि ‘काचेचे’ या अर्थी ‘ग्लॅसेन’ असे विशेषण होते. परंतु त्यांची घरे लाकडाची असत आणि त्यांच्या भिंतींतील झरोक्यांना काच नसे. ब्रिटनमधील रोमन इमारतींना काचेच्या खिडक्या होत्या, पण रोमन सत्ता गेल्यावर ती विद्या तेथे टिकली नाही. म्हणून प्राचीन इंग्रजीत खिडकीला जे शब्द आहेत, ते नुसत्या भोकाचे शब्द आहेत. त्यांपैकी एक ‘एआगथ्युर्ल’, म्हणजे डोळ्याचे छिद्र, आणि दुसरा ‘एआगदुरु’, म्हणजे डोळ्याचे दार. या दुसऱ्या शब्दाचे दोन्ही भाग आपल्या ‘अक्षि’ आणि ‘द्वार’ या शब्दांचे सगोत्र आहेत, तेव्हा त्याला ‘अक्षिद्वार’ म्हटले तर अर्थ आणि मूळ दोन्ही जुळतात. ‘थ्युर्ल’ म्हणजे भोक हा शब्द पुढे स्वतंत्रपणे टिकला नाही, तरी नाकपुडीला इंग्रजीत जे ‘नॉस्ट्रिल’ म्हणतात, त्याच्या शेवटी तो आजही आहे. ‘थ्रिल’ या क्रियापदाचा जुना अर्थही ‘भोसकणे, आरपार जाणे’ असाच होता.

काचेची खिडकी इंग्लंडमध्ये परत आली ती धर्मपीठाच्या मार्गाने. बेनेडिक्ट बिस्कप या मठाधिपतीने इ. स. ६७४ मध्ये ईशान्य इंग्लंडमधील मंकवेअरमथ येथे मठ स्थापन केला आणि त्याच्या चर्चच्या खिडक्यांसाठी त्याने गॉल देशातून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, काच बनवणारे कारागीर बोलावले. बीड हा इतिहासकार त्याच मठात वाढला. हे कारागीर ब्रिटनमध्ये तोवर अज्ञात होते आणि त्यांनी इंग्रजांना ही कला शिकवली, असे त्याने स्पष्ट नोंदवले आहे. तरीही ती तेथे पक्की रुजली असे दिसत नाही, कारण आठव्या शतकात याच मठाच्या कथबर्ट नावाच्या मठाधिपतीने जर्मनीतील माइन्झच्या बिशपला पत्र लिहून काचेची भांडी करता येणारा माणूस धाडण्याची विनंती केली होती. विद्या शिकवणारे बाहेरून येत राहिले, की त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही येतात. आपल्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी एवढेच आहे.

‘विंडो’ची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तो शब्द कारागिरांनी आणलेला नाही. नवव्या शतकापासून उत्तर व पूर्व इंग्लंडमध्ये वस्ती करून राहिलेल्या नॉर्स लोकांच्या घरात तो होता: ‘विंदऔगा’, म्हणजे वाऱ्याचा डोळा. यातील ‘विंद’ हा ‘वात’चा आणि ‘औगा’ हा ‘अक्षि’चा सगोत्र शब्द आहे. संस्कृतात खिडकीला ‘वातायन’ आणि ‘गवाक्ष’ असे दोन शब्द आहेत. एकात वारा आहे, दुसऱ्यात डोळा आहे. नॉर्स शब्दात दोन्ही एकत्र आले. इंग्रजी लिखाणात हा शब्द तेराव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागतो आणि हळूहळू जुन्या दोन्ही शब्दांची जागा घेतो. लॅटिन ‘फेनेस्त्रा’वरून आलेला ‘फेनेस्टर’ हा शब्दही सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजीत वापरात होता. जर्मन, डच आणि फ्रेंच भाषांनी त्याच कुळातील शब्द कायम ठेवले, इंग्रजीने वाऱ्याचा डोळा ठेवला. पुढे त्या डोळ्यात काच बसली, वारा अडला, पण नाव बदलले नाही.

‘ग्लेझ’ आणि ‘ग्लेझियर’ हे शब्द परके नाहीत, हेही आपल्या यादीत नोंदवावे. नामातील शेवटचा ‘स’ क्रियापदात दोन स्वरांमध्ये सापडला की त्याचा घोष उच्चार होई. म्हणून ‘ग्रास’वरून ‘ग्रेझ’, ‘ब्रास’वरून ‘ब्रेझ’ आणि ‘ग्लास’वरून ‘ग्लेझ’ झाले. नॉर्मन काळानंतर फ्रेंचमधला ‘व्हेरियर’ हा काचकाम्याचा शब्दही इंग्लंडमध्ये रुळला होता आणि तो आडनावात शिल्लक आहे, पण धंद्याचे नाव म्हणून ‘ग्लेझियर’च टिकला.

चौकट_आणि_तावदान

वरील विवेचन फार आवडले. मी लाकडी चौकटी आणि काचकाम यांची दुरुस्ती गेली अनेक वर्षे करीत आहे, त्यामुळे ‘लाइट’ आणि ‘क्वॉरल’ या दोन शब्दांविषयी हातातल्या कामाच्या अनुभवावरून लिहितो.

दगडी खिडकीत जे उभे खांब असतात, ते ‘मलियन’. हा शब्द ‘मधला’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला आहे. अशा दोन खांबांमधील जो मोकळा भाग, ज्यातून उजेड आत येतो, त्याला काचकामाच्या भाषेत ‘लाइट’ म्हणतात. दोन खांब असले की तीन गाळे होतात आणि ती ‘थ्री लाइट विंडो’ ठरते. छपरातील ‘स्कायलाइट’ आणि दारावरील पंख्याच्या आकाराची ‘फॅनलाइट’ यांत हाच अर्थ आहे. आता आपल्याकडचा ‘तावदान’ हा शब्द पाहावा. तो फारसी ‘ताबदान’वरून आला आहे. ‘ताब’ म्हणजे प्रकाश किंवा उष्णता आणि ‘दान’ म्हणजे ठेवण्याची जागा, जसे पानदान, शमादान. म्हणजे तावदान हे उजेडाचे पात्र आहे, आणि इंग्रज कारागीर ज्याला ‘लाइट’ म्हणतो, त्याच्या इतका जवळचा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. बोलण्यात आपण प्रत्येक सुट्या काचेला तावदान म्हणतो, त्यामुळे गोंधळ होऊ नये म्हणून मी स्वतः ‘तीन गाळ्यांची खिडकी’ असे लिहीन. परंतु तळटीपेत या साम्याचा उल्लेख अवश्य करावा.

‘क्वॉरल’चा भांडणाशी काहीही संबंध नाही. शंकरपाळ्याच्या आकाराच्या काचेच्या तुकड्याचे हे नाव लॅटिनमधील ‘चौरस’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आले. आडव्या धनुष्याच्या चौकोनी टोकाच्या बाणालाही इंग्रजीत हेच नाव होते आणि त्याचे कारणही तेच. भांडण या अर्थाचा शब्द लॅटिन ‘क्वेरेला’, म्हणजे तक्रार, यावरून आला आहे. दोन निराळी मुळे एका उच्चारात येऊन मिळाली. आपल्याकडे ‘शिसे’ आणि ‘शिशी’ यांचे तसेच आहे. धातूचे नाव संस्कृत ‘सीस’वरून आले आणि बाटलीचे फारसी ‘शीशा’, म्हणजे काच, यावरून. शिशाच्या पट्टीत काच बसवताना हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात आणि नवशिका माणूस हमखास त्यांचे नाते जोडतो.

‘पेन’बाबतही असाच मोह होतो. हा शब्द लॅटिन ‘पान्नुस’, म्हणजे कापड, यापासून आला आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ज्यांना काच परवडत नसे ते चौकटीवर तेल लावलेले कापड ताणून बसवत. म्हणून खिडकीच्या काचेला कापडाचे नाव मिळाले, असे कोणालाही वाटेल. मात्र शब्दाचा प्रवास तसा झालेला नाही. कापडाचा तुकडा, मग कोणत्याही गोष्टीचा तुकडा किंवा भाग, मग भिंतीचा किंवा खिडकीचा एक भाग आणि शेवटी त्या भागातील काच, असा तो क्रम आहे. ‘पॅनेल’ हे त्याच शब्दाचे लघुरूप होय.

‘सॅश’ हा शब्द आमच्या गॅरेजवाल्या मित्रांनाही ऐकवावा असा आहे. फ्रेंच ‘शासी’, म्हणजे चौकट, हा शब्द सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पोहोचला तेव्हा त्याच्या शेवटचा भाग अनेकवचनाचा प्रत्यय आहे असे समजून लोकांनी तो छाटला आणि ‘सॅश’ उरला. पुढे तोच फ्रेंच शब्द दुसऱ्यांदा आला तो मोटारीच्या सांगाड्यासाठी. ट्रकची ‘चॅसी’ आणि वरखाली सरकणाऱ्या खिडकीची ‘सॅश’ ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. कमरेला बांधायच्या पट्ट्याचा ‘सॅश’ मात्र अरबीतील मलमलीच्या नावावरून आला असून त्याचा याच्याशी संबंध नाही.

राहता राहिली ‘पुट्टी’, जिला आम्ही लांबी म्हणतो. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून ती होते. हा शब्द फ्रेंच ‘पोते’, म्हणजे भांडेभर जिन्नस, यावरून आला. आधी ते कथलाच्या राखेपासून केलेल्या, काच व धातू घासून चमकवण्याच्या भुकटीचे नाव होते. काच बसवण्याच्या लांबीला ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीस मिळाले.

टाईनकाठचा_मराठी

मी गेली काही वर्षे न्यूकॅसलजवळ राहतो, म्हणून या भागाविषयी दोन गोष्टी जोडतो.

बेनेडिक्ट बिस्कपच्या मठाची जोडशाखा जॅरो येथे होती. तेथील उत्खननात पुरातत्त्वज्ञ रोझमेरी क्रॅम्प यांना खिडकीच्या रंगीत काचेचे तुकडे सापडले. त्यांपैकी काही तुकडे जुळवून सेंट पॉल्स चर्चच्या एका लहानशा मूळच्या खिडकीत बसवले आहेत. ती खिडकी हाताच्या दोन ओंजळी झाकतील एवढीच आहे, आणि ‘एआगथ्युर्ल’ हा शब्द मी वर वाचला तेव्हा मला तीच आठवली. जाड भिंतीतले ते खरोखर डोळ्याचे छिद्र आहे.

दुसरी गोष्ट नंतरच्या लाटेची आहे. १५६७ मध्ये जाँ कारे या अँटवर्पहून आलेल्या गृहस्थाला खिडकीची काच बनवण्याचा परवाना मिळाला आणि त्याने फ्रान्सच्या लोरेन भागातील काचकामी घराणी दक्षिण इंग्लंडच्या रानात आणली. १६१५ मध्ये काचेच्या भट्टीत लाकूड जाळण्यास राजाज्ञेने बंदी झाली, तेव्हा कोळसा जेथे स्वस्त होता तेथे भट्ट्या हलल्या आणि त्यांपैकी काही घराणी टाईन नदीच्या काठी आली. टायझॅक हे त्यांचे आडनाव येथे अजून ऐकू येते. भट्टीवरील बरेचसे शब्द याच लोकांच्या बोलीची आठवण देतात. तापलेली काच ज्या सपाट लादीवर लोळवून आकार देतात ती ‘मार्व्हर’, कारण ती पूर्वी संगमरवराची असे. पुन्हा वितळवण्यासाठी ठेवलेल्या फुटक्या काचेला ‘कलेट’ म्हणतात, ते ‘लहान मान’ या अर्थाच्या शब्दावरून, कारण फुंकनळीच्या टोकाशी काचेची जी मान चिकटून राहते ती फोडून त्याच ढिगात टाकत.

या सगळ्या परक्या शब्दांत एक अस्सल प्राचीन इंग्रजी शब्द टिकून आहे आणि मला तो सर्वांत प्रिय आहे. तो म्हणजे ‘ॲनील’. घडवलेली काच एकदम थंड होऊ दिली तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो, आणि त्या ताणाने ती काही वेळाने आपोआप तडकते. म्हणून ती वेगळ्या भट्टीत ठेवून तिची उष्णता अगदी सावकाश उतरवतात. या कृतीला ‘ॲनीलिंग’ म्हणतात. शब्दाचे मूळ रूप ‘ओनॅलान’ आणि त्याचा अर्थ ‘पेटवणे’. पेटवण्याचा शब्द शेवटी हळूहळू निववण्याचा झाला.

मांडवीकाठ

गोव्यातून एक लहानशी भर घालतो. कोकणीत खिडकीला ‘जनेल’ म्हणतात. ते पोर्तुगीज ‘जानेला’वरून आले असून त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘दार’ या अर्थाच्या शब्दाचे लघुरूप आहे, म्हणजे ‘छोटे दार’. प्राचीन इंग्रजीतील ‘डोळ्याचे दार’ वाचून नवल वाटले. येथील जुन्या घरांत लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदाने बसवलेली अजून पाहायला मिळतात. इंग्लंडमध्ये काचेआधी असे काही वापरीत होते काय?

शब्दमूळ

होय, तेथे शिंग वापरीत. गुराचे शिंग भिजवून, तापवून, सपाट करून त्याचे पातळ, उजेड आत सोडणारे पापुद्रे काढत. १५७७ मध्ये विल्यम हॅरिसन या धर्मोपदेशकाने इंग्लंडच्या घरांचे वर्णन करताना लिहिले आहे की, पूर्वी लोक वेताच्या किंवा ओकच्या कामट्यांची जाळी खिडकीला लावत, काही जण शिंग बसवत, आणि आता काच स्वस्त झाल्यामुळे ते सर्व मागे पडले आहे. शिंगाचा हा वापर कंदिलात अधिक काळ टिकला. ‘लँटर्न’ हा लॅटिनमार्गे आलेला शब्द, पण त्याच्या बाजूंना शिंग असे म्हणून लोकांनी त्याचे स्पेलिंगच बदलून शेवटी शिंगवाचक ‘हॉर्न’ घातले, आणि ते रूप बराच काळ छापले जात होते.

याच्या उलट उदाहरण ‘आयझिंग्लास’चे. त्याच्या शेवटी ‘ग्लास’ आहे, पण काचेशी त्याचा संबंध नाही. स्टर्जन माशाच्या फुग्यापासून केलेल्या सरसाचे ते डच नाव. इंग्रजी कानांना त्यात ‘ग्लास’ ऐकू आला आणि तो तसाच राहिला. पुढे अभ्रकाच्या पारदर्शक पत्र्यांनाही हेच नाव मिळाले.

वाचक_ठाणे

उघड लुबाडणुकीला इंग्रजीत ‘डेलाइट रॉबरी’ म्हणतात. हा प्रयोग खिडक्यांवरील करामुळे रूढ झाला, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. अनुवादाच्या प्रस्तावनेत तो उल्लेख शोभून दिसेल.

शब्दमूळ

तो उल्लेख कृपया करू नये. खिडक्यांवरील कर खरा आहे. तो १६९६ मध्ये लागू झाला आणि १८५१ मध्ये रद्द झाला. कर चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या हेही खरे, आणि तशा बुजवलेल्या खिडक्या तेथील जुन्या घरांवर आजही दिसतात. परंतु लुबाडणूक या लाक्षणिक अर्थाने हा वाक्प्रयोग रूढ झाला तो विसाव्या शतकात, म्हणजे कर जाऊन दोन पिढ्या उलटल्यावर. दिवसाढवळ्या, सर्वांच्या डोळ्यांदेखत केलेली चोरी एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे. खिडकीच्या इतिहासावर ज्याचा अधिक परिणाम झाला तो काचेवरील वजनी कर होता. तो १७४५ च्या सुमारास बसवला गेला आणि १८४५ मध्ये उठला. कर वजनावर असल्यामुळे पातळ काच फायद्याची ठरे, आणि गरगर फिरवून थाळीसारखी पसरवलेली ‘क्राउन’ काच पातळ असल्यामुळे तिला मागणी राहिली.

चौकट_आणि_तावदान

त्या थाळीच्या मध्यभागी, जेथे कारागिराची सळई चिकटलेली असे, तेथे एक जाड गोल गाठ राही. तिच्यातून नीट दिसत नसे, म्हणून तो तुकडा स्वस्तात जाई आणि गोठ्याच्या, मागच्या खोलीच्या किंवा दारावरच्या झरोक्यात बसे. त्याला इंग्रजीत ‘बुल्स आय’, म्हणजे बैलाचा डोळा, असे म्हणतात. वर आलेला ‘गवाक्ष’ शब्द येथे आठवावा.

अनुवादिका_पुणे

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. ‘थ्री लाइट’साठी ‘तीन गाळ्यांची खिडकी’ घेत आहे आणि तळटीपेत तावदानाची व्युत्पत्ती देत आहे. ‘क्वॉरल’साठी ‘शंकरपाळी काच’ असे लिहून पाहिले. ओळखीच्या एका कारागिराला ते वाचून दाखवताच त्याने न विचारता नेमका तोच तुकडा उचलून दाखवला, म्हणून तेच कायम करते. ‘ॲनीलिंग’साठी आतापर्यंत मी ‘थंड करणे’ असे लिहिले होते. ते आज सर्व ठिकाणी बदलून ‘सावकाश निववणे’ असे करीत आहे, कारण दुरुस्तीसाठी नवी काच घडवून घेताना ‘थंड करणे’ एवढेच वाचून कोणी ती उघड्यावर ठेवली, तर ती तडकेल.